अनुशेषातील एकविसावा विषय

सोमवार, ६ जानेवारी

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी स्वामी झालो. संन्यास न घेता, उरलेसुरले केस शाबूत असताना, आमच्या चिंचवडच्या मुख्य कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, संचालक विजयश्री मॅडम यांच्या तोंडी आदेशाने. पदनाम 'प्रॉडक्ट ओनर'. मी त्याचे 'उत्पादस्वामी' असे रूपांतर करून दारावरील पाटी रंगवावयास टाकली आहे. वेतनश्रेणी पूर्ववत. स्वामींस वेतनाचा मोह नसावा असे मॅडम म्हणाल्या नाहीत. पण त्यांच्या मुद्रेवर ते वाक्य होते.

कार्य असे. आमच्या औद्योगिक सांडपाणी मापन मंडळाची राज्यभरात चौतीस कार्यालये आहेत. यंदापासून बदल्यांचे अर्ज कागदावर स्वीकारले जाणार नाहीत. केवळ नव्या संगणक प्रणालीतून, तेही ३ मे रोजी सायंकाळी सहापर्यंत. प्रणाली अद्याप अस्तित्वात नाही, ही बाब आदेशात नमूद करण्याचे राहून गेले आहे.

ती घडविण्याची रीतही नवी. पूर्वी हिंजवडीतील कोणी तीन वर्षे प्रणाली बांधीत, आमच्या यंत्रकक्षाच्या हवाली करीत आणि उद्घाटनाच्या दिवशी ती बंद पडली की दोन्ही पक्ष परस्परांना स्मरणपत्रे लिहीत. आता बांधणारे आणि चालविणारे एकाच टेबलाशी बसणार. पंधरा दिवसांपुरतेच काम घ्यायचे, ते दर दुसऱ्या गुरुवारी लोकांच्या हाती द्यायचे, आणि लोकांनी ज्या शिव्या दिल्या त्यांनुसार पुढील पंधरवड्याचे काम ठरवायचे. शासनात शिव्यांचा असा विधायक विनियोग मी प्रथमच पाहतो आहे. कोणते काम आधी आणि कोणते मागून, हा क्रम लावण्याचा अधिकार माझा.

खासगी नोंद. माझी पत्नी मृदुला याच मंडळात रसायनतज्ज्ञ आहे. बढतीवर गोंदियास गेल्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षे होतील. कामांच्या अनुशेषात 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा विषय आज तिसऱ्या क्रमांकावर आहे. तो वेळेत प्रणालीत आला तर ती अर्ज करील आणि ताथवड्याच्या सदनिकेत पुन्हा दोन कप चहा होईल. न आला तर आणखी एक वर्ष. आम्हांस अपत्य नाही. त्यामुळे तिची अनुपस्थिती वाटून घेण्यास घरात दुसरे कोणी नाही.

बुधवार, ८ जानेवारी

रोज पावणेदहाला सर्वांनी उभे राहायचे आणि प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केले, आज काय करणार, अडचण काय. पिंपरी-चिंचवडकरांस महापालिकेची 'स्थायी समिती' म्हणताच जो अर्थ प्रतीत होतो त्याहून ही सभा भिन्न आहे. येथे खरोखरच उभे राहतात आणि पंधरा मिनिटांत संपते.

ही विद्या शिकविणारा नागसेन. वय पस्तीस, राहणार दापोडी, प्रणाली बांधणाऱ्या कंपनीने आमच्याकडे धाडलेला. तो कोणासही वगळीत नाही. म्हणून आज शिपाई केसरबाईंचीही पाळी आली. केसरबाई निघोज्याच्या, मंडळातील सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी आणि एकमेव निर्भय व्यक्ती.

"काल फायली नेल्या. आज बी नेनार," त्या म्हणाल्या. "आन अडचन म्हंजी, तुमी समद्या फायली त्या डब्यात घातल्या तर मी काय नेऊ?"

सगळे हसले. नागसेन हसला नाही. "मावशी, हा प्रश्न खराय," म्हणून त्याने तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावला.

माझी पाळी आली. काल: यादी वाचली. आज: यादी पुन्हा वाचणार. अडचण: निरंक.

शुक्रवार, १० जानेवारी

उपाहारगृहात पोह्यांच्या रांगेत उभा होतो. खांबापलीकडे लेखा शाखेचे पिंटू (यांचे शासकीय नाव सेवापुस्तकालाही आठवत नसावे) कोणास सांगत होते, "भावा, एकत्रीकरण थेट तिसऱ्या नंबरावर! साहेबांनी स्वामी झाल्या झाल्या आधी घरची सोय लावली, काय?"

पोहे टाकून वर आलो. विषय तिसऱ्यावरून नवव्यावर नेला.

औचित्य म्हणजे केवळ निर्दोष असणे नव्हे, निर्दोष दिसणेही होय. कारण कोणास सांगितले नाही. मृदुलेसही नाही. पंचवीस वर्षांच्या दाम्पत्यात कारणमीमांसा अप्रस्तुत ठरते. तिला कधी कळलेच तर अभिमान वाटेल.

गुरुवार, २३ जानेवारी

पहिले लोकार्पण. सायंकाळी चार वाजता प्रणालीचा पहिला भाग, रजेचा अर्ज, सुरू झाला आणि चालूही राहिला. या घटनेस टिप्पणीवर सहा स्वाक्षऱ्या लागल्या. त्यातील एक अधिकारी रजेवर होते आणि त्यांची रजा जुन्या कागदावर होती. विजयश्री मॅडमनी सर्वांसमक्ष विचारले, "दर पंधरा दिवसांनी हे सहा जण मी कुठून गोळा करू?" आणि एकाच टिप्पणीवर पुढील सर्व पंधरवड्यांची मान्यता देऊन टाकली. तीस वर्षांच्या सेवेत मला एवढे गलबलून आले नव्हते.

मीही एक सूचना केली आणि ती मान्य झाली. कामांचा फलक, म्हणजे कोणता विषय कितव्या क्रमांकावर आहे ते दर्शविणारे पान, चौतीसही कार्यालयांस पाहण्यासाठी खुले करावे. पारदर्शकतेवर मी बारा मिनिटे बोललो. नागसेनने घड्याळ दाखविले तेव्हा थांबलो.

एकत्रीकरण आता चौदाव्यावर. पिंटू आज माझ्याकडे पाहून हसले. सावधगिरी इष्ट.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फलक कोणत्या कार्यालयातून किती वेळा उघडला जातो, हे नागसेनने दाखविले. सर्वांत अग्रेसर गोंदिया. दररोज, साडेदहाच्या सुमारास, न चुकता. त्या खालोखाल चाकण, तेही आठवड्यातून एकदा. पूर्व विदर्भातील ही जिज्ञासा पाहून ऊर भरून आला. मृदुलेस रात्री साडेआठच्या फोनवर सांगितले, "तुमच्या कार्यालयात कोणी अत्यंत अभ्यासू व्यक्ती आहे."

ती म्हणाली, "हो का."

संभाषण एकूण नऊ मिनिटे. डिसेंबरमध्ये सरासरी चाळीस होती. तिकडे कामाचा भार वाढला असावा.

रविवार, १६ फेब्रुवारी

मृदुलेने वसतिगृह सोडून घर भाड्याने घेतले आहे. दोन खोल्या, पुढे अंगण. तिच्या उद्योगशीलतेचे कौतुक केले. गेल्या महिन्यात तिने शाली मागविल्या, मग मोठा कुकर, मग कपाटातील सुती साड्या. आता बाजाची पेटी. लग्नात तिच्या मामांनी दिलेली, दुहेरी सुरांची.

एवढी नाजूक वस्तू रेल्वेने धाडायची कशी, हे मी शुक्रवारच्या उभ्या सभेत सहज बोललो. नागसेन म्हणाला, "सर, आमच्या पप्पांकडे या. चाळीस वर्षं फाउंड्रीत लाकडी साचे केलेत त्यांनी. खोकं असं करतील, वरून ट्रक गेला तरी सूर हलणार नाही."

म्हणून आज दापोडीस गेलो. त्याचे वडील कोंडीराम यांनी पेटी मांडीवर घेतली, चारही बाजूंनी बोटांनी मापली. टेप काढलाच नाही. रंधा मारता मारता विचारले, "साहेब, बाईसाहेब तिकडं कायमच्या का?"

"छे. जूनमध्ये परत यायच्या आहेत."

"मग चार महिन्यांसाठी एवढी पेटी कशाला नेतात?"

"सूरसाधनेत खंड पडू नये म्हणून," मी म्हणालो.

कोंडीराम यांनी होकारार्थी मान हलविली आणि खिळे मारावयास घेतले. नागसेनने वडिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तो चहा सांगावयास आत गेला. कुटुंब अत्यंत सुसंस्कृत आहे.

घरी आल्यावर पेटी जेथे असे त्या कोपऱ्यात आयताकार जागा उरली आहे. तेथील फरशी उर्वरित फरशीहून नवी दिसते. तेथे खुर्ची ठेवून पाहिली. मग उचलून पूर्वस्थळी ठेवली.

गुरुवार, ६ मार्च

अरिष्ट. त्याची नोंद तपशीलवार करणे प्राप्त आहे.

एकत्रीकरण मागे ठेवायचे तर पुढे काहीतरी घ्यावे लागते. मी 'सेवानिवृत्तांस शुभेच्छापत्र आपोआप धाडणे' हा विषय पुढे घेतला होता. पत्राचा मसुदा माझाच: 'आपल्या प्रदीर्घ सहवासाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. येथवरची वाटचाल स्मरणीय होती. यापुढील आयुष्य आपण स्वेच्छेने, सुखाने व स्वतंत्रपणे व्यतीत करावे, ही सदिच्छा.' खाली छापील स्वाक्षरी: नंदकिशोर खळदकर, उत्पादस्वामी.

चार वाजता हा भाग सुरू झाला. निवृत्तीची तारीख उलगडण्यात प्रणालीची काही गफलत झाली आणि चार वाजून दोन मिनिटांनी मंडळातील सर्व बाराशे चाळीस कर्मचारी निवृत्त झाले. विजयश्री मॅडम स्वतःचे पत्र हाती घेऊन बाहेर आल्या. "खळदकर, मी निघू का?"

नागसेन आणि यंत्रकक्षाची मंडळी एकाच टेबलाशी असल्याने कोणी कोणास पत्र लिहिले नाही. अकरा मिनिटांत आधीची आवृत्ती पुन्हा चालू झाली आणि सर्व जण सेवेत परतले. जुन्या पद्धतीत यासाठी चौकशी समिती लागली असती आणि तोवर निम्मे खरोखरच निवृत्त झाले असते. चुकीचा दोष कोणा एकावर न ठेवता ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचे, एवढ्यावरच चर्चा झाली. हे पाहून मी थक्क झालो.

केसरबाई म्हणाल्या, "मला बी आलं पत्र. स्वतंत्रपने ऱ्हावा म्हनं. वाचून रडाया आलं, सायेब. तुमी लिवता लई वंगाळ चांगलं."

प्रणाली परत घेता येते. गेलेली पत्रे परत येत नाहीत. मृदुलेसही एक गेले असणार. तिला हसू आले असेल. रात्री फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. गोंदियास वीज गेली असावी.

गुरुवार, २० मार्च

एकत्रीकरण एकविसाव्यावर. यादीत एकूण विषय बावीस. बाविसावा केसरबाईंच्या फायलींचा.

रविवार, ३० मार्च

गुढी उभारली. तांब्या, गाठी, कडुलिंब, सर्व यथासांग. काठी धरण्यास दुसरे माणूस नसल्याने गॅलरीच्या गजाला सुतळीने बांधावी लागली. खाली रस्त्यावर नव्या इमारतींतील जोडपी फोटो काढून घेत होती.

मृदुला पाडव्यास येणार होती. गुरुवारी म्हणाली, "रजा नाहीये हो शिल्लक."

प्रणालीत तिच्या नावावर एकोणीस दिवस अर्जित रजा दिसते. मी तत्काळ दोष नोंदविला: 'गोंदिया कार्यालयाच्या रजा चुकीच्या दिसतात, तातडीने तपासावे.' शुक्रवारी नागसेन स्वतः माझ्या टेबलाशी आला. उभाच राहिला.

"सर, तपासलं. रजा बरोबर आहेत."

"मग त्या म्हणतात शिल्लक नाही म्हणून?"

"सर, प्रणाली बरोबर आहे," तो हलकेच म्हणाला. मग, "तो एकविसावा विषय आपण एकदा बघायचा का? या दोन पंधरवड्यांत घेतला तरच वेळेत होईल."

"औचित्याचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

गाठीचा एक मणी खाल्ला. फार गोड होता. मृदुला असली की अर्धा तिला देता येतो.

गुरुवार, १७ एप्रिल

ही नोंद घाईने लिहितो आहे. अक्षर क्षम्य मानावे.

दर पंधरवड्याच्या शेवटी झालेले काम प्रत्यक्ष वापरणाऱ्यांस दाखवून त्यांचे मत घेतात. आज प्रथमच क्षेत्रीय कार्यालयांस दूरदृश्य पद्धतीने बोलाविले होते. प्रत्येक कार्यालयाने एक प्रतिनिधी निवडायचा. भिंतीवरील पडद्यावर चौकटी उघडत गेल्या: लातूर, चिपळूण, चाकण. मग गोंदिया. निळी साडी, मागे खिडकी, खिडकीत कुंडी. मृदुला. ती किंचित बारीक झाली आहे. कानातले नवे आहेत.

तिची पाळी आली. "नमस्कार. मी मृदुला खळदकर, गोंदिया. मला फलकाविषयी विचारायचं आहे."

"विचारा ना, मॅडम," नागसेन म्हणाला.

"आपल्या फलकावर प्रत्येक विषयाचा इतिहास दिसतो. कुणी, कधी, कुठून कुठं हलवला. फार चांगली सोय आहे. एकत्रीकरण सहा जानेवारीला तिसरं होतं. दहाला नववं. तेवीसला चौदावं. मग सतरावं, एकोणिसावं, आणि वीस मार्चला एकविसावं. पाच वेळा खाली गेलं, एकदाही वर आलं नाही. पाचही वेळा नाव एकच आहे." ती कागद पाहून बोलत नव्हती. "शुभेच्छापत्र सुद्धा याच्या आधी झालं. ते मला मिळालंही. तर उत्पादस्वामींना विचारते, कारण काय?"

विजयश्री मॅडमनी पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले आणि न पिता पुन्हा लावले.

"प्रशासकीय औचित्य," मी म्हणालो.

ती म्हणाली, "ठीक आहे, खळदकर साहेब. मग तो विषय यादीतून काढूनच टाका. वाट बघणाऱ्यांना निदान कळेल तरी, की बघायची नाही."

गोंदियाची चौकट काळी झाली. पुढचा प्रतिनिधी सोलापूरचा होता. त्याचे म्हणणे मला स्मरत नाही.

तोच दिवस, पुढे

साडेआठला तिनेच फोन केला.

मी म्हणालो, "निर्दोषत्वाच्या प्रतीतीस बाधा येऊ नये, या हेतूने..."

"अहो, साधं बोला. एकदाच."

मी सांगितले. पिंटू, पोहे, खांब. सांगताना ते फारच लहान वाटले. तेवढ्यासाठी मी तीन महिन्यांहून अधिक काळ तिला यादीत खाली ढकलीत आलो होतो.

ती म्हणाली, "हे जानेवारीत सांगितलं असतंत तर मी पोट धरून हसले असते. खरंच. मी रोज ऑफिसात गेल्यावर आधी ते पान उघडायचे. आज वर आलं असेल, आज आलं असेल. मला वाटलं, एकटं राहायची सवय झाली यांना, आणि तोंडावर सांगवत नाही. मग ते पत्र आलं. स्वतंत्रपणे व्यतीत करा."

"तो सर्वसाधारण मसुदा होता."

"अक्षर न् अक्षर तुमचं होतं हो. पंचवीस वर्षं वाचतेय मी तुम्हाला."

"विषय पुढल्या पंधरवड्यात घेता येईल. तू अर्ज करशील ना?"

"ठाऊक नाही." तिचा आवाज बदलला, कडक नव्हता, दमलेला होता. "पहिल्या वर्षी मी इथं रोज रडायचे. आता रडत नाही. सकाळी अंगणात बसते, पेटी काढते, समोरच्या जयमालाबाई ऐकायला येतात. मला हे आवडायला लागलंय. आणि तुम्ही नाही आहात, याचीही सवय व्हायला लागलीय. त्याचीच मला भीती वाटते. मी अर्ज करीनच असं धरून चालू नका."

मी 'ये' म्हणणार होतो. एकाक्षरी शब्द आहे. त्यास अन्वय, समास, काहीही लागत नाही. तो घशातून निघेपर्यंत तिने फोन ठेवला होता.

सोमवार, २१ एप्रिल

सिंहावलोकनाची सभा. पंधरवड्यात काय जमले, काय फसले आणि काय बदलायचे, हे सर्वांनी मोकळेपणाने बोलायचे. मी उभा राहिलो आणि सर्व काही सांगितले. पहिल्यांदाच माझ्या निवेदनात एकही समास नव्हता.

पिंटूंचा चेहरा उतरला. "साहेब, मी गंमत केली हो! आम्ही काय, सगळ्यांनाच बोलतो. मॅडमना सुद्धा बोलतो." मग मॅडमकडे पाहून, "म्हणजे, आदराने."

नागसेन म्हणाला, "सर, हितसंबंध असला तर सांगायचं आणि त्या विषयातून बाजूला व्हायचं. तुम्ही बाजूला झाला नाहीत. तुम्ही त्याच अधिकाराने उलटं ढकललंत. घरच्यांना फायदा देणं जसं चूक, तसं घरच्यांना शिक्षा देणंही."

"आणि फक्त घरच्यांना नाही," विजयश्री मॅडम म्हणाल्या. "एकत्रीकरणाची वाट बघणारी सत्तावन्न जोडपी आहेत, खळदकर. तुमच्या सचोटीची झळ त्या सत्तावन्न घरांना बसली असती."

आम्ही सोडून उरलेल्या छप्पन्न जोडप्यांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी स्वतःच्या निःस्वार्थीपणात एवढा गढलो होतो की दुसरे कोणी दिसलेच नाही.

त्या विषयाचा क्रम आता मी सोडून इतर सर्वांनी ठरवायचा, असे ठरले. अर्ध्या मिनिटात तो पहिल्यावर गेला. उठताना केसरबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई काय म्हनत्यात ते इच्यारलं व्हय कवा? का निसतं आपलंच चाललंय, ह्यांव करतो न् त्यांव करतो?"

बुधवार, ३० एप्रिल

उद्या महाराष्ट्र दिनाची सुटी, म्हणून एक दिवस आधी लोकार्पण. चार वाजता एकत्रीकरणाचा अर्ज सुरू झाला. उभयतांपैकी एकाने अर्ज करायचा. दुसऱ्याच्या मोबाइलवर संदेश जातो आणि त्याने 'मान्य' केल्याखेरीज अर्ज पूर्ण होत नाही. नियमच तसा आहे. पहिल्या तासात अकरा अर्ज. पिंटूंनी पेढे आणले.

मला नावे पाहण्याचा अधिकार होता. मीच काल तो काढून घेण्यास सांगितले. संख्या तेवढी दिसते. माझ्या मोबाइलवर कोणताही संदेश नाही.

शुक्रवार, २ मे

एकोणपन्नास अर्ज. संदेश नाही.

शनिवार, ३ मे

सुटीचा दिवस, पण अर्जांची मुदत आज सहापर्यंत. सकाळपासून मोबाइल चार्जरला लावून समोर बसलो. दुपारी चारपर्यंत चोपन्न अर्ज. माझा मोबाइल दोनदा वाजला: एकदा विमा, एकदा ताथवड्यातील दुसरी सदनिका घेण्याचा आग्रह.

पाच वाजता, केवळ हातास काही उद्योग असावा म्हणून, अर्जाचे कोरे पान उघडले. हे पान घडले तेव्हा मी त्या विषयातून बाजूला होतो. त्यामुळे एखाद्या परक्या कर्मचाऱ्यासारखे प्रथमच वाचले. अर्जदाराचे नाव. जोडीदाराचे नाव. त्याखाली: 'एकत्र कोठे राहू इच्छिता?' आणि पुढे चौतीसही कार्यालयांची यादी.

हा प्रश्न मी चार महिन्यांत कोणास विचारला नव्हता. चिंचवड हे उत्तर मी प्रश्नाआधीच लिहून ठेवले होते. गोंदियास कक्ष अधिकाऱ्याचे, म्हणजे माझ्याच श्रेणीचे, पद आहे. दोन वर्षे रिक्त आहे, कारण तेथे जाण्यास कोणी राजी नाही.

पाच वाजून एकतीस मिनिटांनी मी अर्ज केला. अर्जदार: नंदकिशोर. ठिकाण: गोंदिया. पडद्यावर उमटले, 'जोडीदाराच्या सहमतीची प्रतीक्षा'.

प्रतीक्षा हा शब्द मी टिप्पण्यांत सहस्रशः लिहिला आहे. त्यास वजन असते, हे ठाऊक नव्हते.

पावणेसहाला फोन वाजला.

"अहो, हे काय आलंय मला?"

"अर्ज आहे."

"ते कळलं. तुम्ही गोंदियाला येणार? चिंचवड सोडून? तुमचं स्वामीपद?"

"नागसेन पुरे आहे. मंडळ माझ्यावाचून चालेल. मला मात्र..." येथे माझे संस्कृत संपले. "मला तिथं राहायचंय, मृदुला. तू राहतेस तिथं. तुला चालत असेल तर."

"इथं पंचेचाळीस डिग्री आहे."

"हो."

"दुपारी लाइट जाते. तुम्हाला साधा पंखा बंद झालेला खपत नाही."

"हो."

"आणि मला उत्तर द्यायला पंधरा मिनिटं दिलीत. तीन वर्षांचं उत्तर."

"चुकलं. नको असेल तर 'अमान्य' कर. मी समजेन. खरंच समजेन, म्हणजे प्रयत्न करीन."

पडद्यावरील घड्याळ मी हाताने झाकले. तिकडे बादली ठेवल्याचा, नळ सोडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "इथं संध्याकाळी अंगणात पाणी मारावं लागतं. नाही मारलं तर रात्रभर घर तापलेलं राहतं."

मी हात काढला. पाच वाजून चोपन्न मिनिटे. 'मान्य'.

"आता ठेवा," ती म्हणाली, "मला दोन्ही हात लागतात."

मी ठेवला नाही. तिनेही ठेवला नसावा. फोन ओट्यावर कोठेतरी तसाच असेल. तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा आवाज येत होता, थोडा थांबून पुन्हा येत होता, आणि मी ताथवड्याच्या नवव्या मजल्यावर, पाय अंमळ वर उचलून, ऐकत बसलो होतो.